झडप बदललीय? मग ताकदीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत

हृदयाचं ऑपरेशन करून माणूस घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा सांगतो, "अशक्तपणा आलाय, व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू करा." आमच्या भावकीतल्या एका काकूंची झडप बदलली, तेव्हा असंच मल्टिव्हिटॅमिन सुरू झालं. महिन्याभरानं तपासणीत रक्त पाहिजे तेवढं पातळ नसल्याचं निघालं. वेळेत कळलं म्हणून निभावलं.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती मेंदूत गेली तर लकवा होतो. म्हणून वॉरफेरीन किंवा ॲसिट्रॉमसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. रक्त गोठायला व्हिटॅमिन के लागतं आणि ही गोळी त्याचंच काम रोखते. बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये व्हिटॅमिन के असतं. म्हणजे एकीकडून बांध घालायचा अन् दुसरीकडून फोडायचा.

या औषधाचं मूळही गोठ्यातच आहे. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला क्लोव्हरचा चारा खाऊन जनावरं रक्तस्रावानं मरू लागली. त्याचं कारण शोधताना सापडलेल्या पदार्थावरून पुढे वॉरफेरीन तयार झालं.

पालेभाजी बंद करायची का?

नाही. मेथी, पालकात व्हिटॅमिन के भरपूर असतं, पण अडचण कमी-जास्तीची आहे. आपल्याकडं हिवाळ्यात रोज भाजी अन् उन्हाळ्यात एकदम बंद. तसं न करता दर आठवड्याला साधारण सारखीच खावी.

काय लक्षात ठेवावं?

- आयएनआर तपासणी चुकवू नका. धातूची झडप असेल तर आकडा बहुधा २ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. आपला किती हवा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.
- व्हिटॅमिन ई, अंगदुखीच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिकनं रक्तस्राव वाढू शकतो. काढा, झाडपाल्याचं औषधही विचारूनच घ्या.
- हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

बायपासच्या पेशंटला बहुतेक वेळा ॲस्पिरिन असतं, तिथं पालेभाजीची ही अडचण नाही. तरी बी-१२, डी किंवा लोहाची गोळी रक्त तपासून, डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यावी. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात डाळ, उसळ, दूध, अंडी हीच खरी ताकद.

मेडिकलमध्ये काहीही मागताना आधी सांगा, "पेशंटला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे."