आधुनिक युद्धाचा अभ्यास आणि लेखनप्रकारांचा प्रश्न : कूट-अल-अमाराचा वेढा (१९१५–१६)

युद्धाची कारणे, युद्धाचे संचालन आणि युद्धाचे परिणाम ही त्रिविध विभागणी इतिहासलेखनात इतकी रूढ झाली आहे, की ती कालक्रमातूनच आपोआप सिद्ध होते असे वाटू लागते. आधी कारणे, मग लढाई आणि शेवटी परिणाम, असा हा सरळ क्रम. परंतु एखाद्या युद्धाची मूळ साधने प्रत्यक्ष हाती घेतली, तर ही विभागणी काळाची नसून लेखनप्रकारांची आहे असे दिसू लागते. कारणांची चर्चा चौकशी आयोगांच्या अहवालांत आणि राजनैतिक पत्रव्यवहारात आढळते. संचालनाची कथा सेनापतींच्या आत्मसमर्थनपर ग्रंथांत येते. परिणाम मात्र रोजनिशीत, शोकचरित्रात, स्मारकाच्या दगडावर आणि पुष्कळदा कोठेच नाहीत, अशा रीतीने विखुरलेले असतात. या तिन्ही प्रकारांचे लेखक वेगळे, वाचक वेगळे आणि अनेकदा भाषाही वेगळ्या. मराठी बखरींत ही फाळणी नव्हती. ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचताना सरदारांमधील मत्सर, पानिपतचे रण आणि नंतरची वाताहत एकाच निवेदकाच्या तोंडून एकामागून एक ऐकू येते. त्यातील कार्यकारणभाव इतिहासकाराला मान्य होईल असा असतोच असे नाही. पण कथनाचे सूत्र तुटलेले नसते. विसाव्या शतकातील साम्राज्यांच्या युद्धांत ते सूत्र तुटते. ते कसे तुटते, हे पाहण्यासाठी पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या आघाडीवरील कूट-अल-अमाराचा वेढा हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

हा वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झाला आणि १४४ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, ब्रिटिश-हिंदी फौजेच्या शरणागतीने संपला. आत अडकलेली फौज मुख्यतः हिंदी सैन्याची सहावी, म्हणजे ‘पुणे’, डिव्हिजन होती आणि मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड तिचे प्रमुख होते. डिव्हिजनच्या नावापलीकडेही मराठी मुलखाचा येथे प्रत्यक्ष संबंध आहे. वेढ्यात सापडलेल्या पलटणींमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. शरणागतीच्या वेळी सैनिक आणि बिनलढाऊ नोकर मिळून सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती पडली.

ही डिव्हिजन तेथे का गेली, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर इराणच्या आखातापासून सुरू होते. आबादान येथील तेलाचे कारखाने आणि आखातातील ब्रिटिश वर्चस्व यांच्या रक्षणासाठी नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओ येथे फौज उतरवण्यात आली आणि त्याच महिन्यात बसरा घेण्यात आले. ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी अँग्लो-पर्शियन तेल कंपनीत बहुमताचा हिस्सा विकत घेतला होता, हे येथे लक्षात ठेवावे लागते. पुढची पायरी मात्र या कारणातून निघत नाही. तेलाच्या रक्षणासाठी बसरा पुरेसे होते, बगदाद नव्हे. तरीही १९१५ च्या उन्हाळ्यात अमारा आणि सप्टेंबरअखेर कूट घेतल्यावर जनरल निक्सन यांना बगदाद खुणावू लागले. दार्दानेल्समध्ये अपयशाला तोंड देणाऱ्या लंडनच्या मंत्रिमंडळालाही एखादा दिपवणारा विजय हवा होता. नदीवरील वाहतुकीची साधने अत्यंत अपुरी असतानाही परवानगी दिली गेली. नोव्हेंबरमध्ये टेसिफोनच्या लढाईत डिव्हिजनचे चार हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले आणि उरलेली फौज माघार घेत कूटला येऊन थांबली.

ही कारणमीमांसा आज ज्या स्पष्टपणे मांडता येते, तिचे श्रेय मुख्यतः ब्रिटिश संसदेने १९१६ मध्ये नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगाला जाते. लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने निक्सन, सरसेनापती ब्यूचॅम्प डफ आणि व्हाइसरॉय हार्डिंज यांच्यावर दोषारोप केले आणि वैद्यकीय व्यवस्थेच्या दुर्दशेवर कडक ताशेरे ओढले. टेसिफोनचे जखमी नदीमार्गे बसऱ्याला कसे पोचले, यासंबंधी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेजर कार्टर यांची साक्ष हा त्या अहवालातील सर्वांत परिणामकारक भाग होय. साहित्याच्या अभ्यासकाने या साक्षीच्या रचनेकडे लक्ष द्यावे. जखमींनी भरलेली बोट प्रथम दुरून दिसते, मग जवळ येते आणि मग तिच्या कडांवरून लोंबणारे काय आहे हे पाहणाऱ्याला उमगते. ज्या हुकूमनाम्यांच्या आणि तारांच्या भाषेत अहवालाचे बाकी सर्व काम चालते, ती भाषा येथे काही ओळींपुरती मागे हटते. परंतु बोटीवरच्या माणसांना या साक्षीत तोंड नाही. अहवालाचा विषय जबाबदारी हा आहे, आणि जबाबदारी फक्त हुकूम देणाऱ्यांची असू शकते. शिपाई हा त्या व्याकरणात सदैव कर्मच राहतो.

संचालनाच्या कथेत शिपाई एकदा कर्ता होतो, तो अडचण निर्माण करणारा म्हणून. घोड्याच्या मांसाचा प्रश्न हा तो प्रसंग. धान्य संपत आले तेव्हा गोऱ्या सैनिकांनी घोड्याचे मांस खाण्यास सुरुवात केली; बहुसंख्य हिंदू आणि मुसलमान शिपायांनी नकार दिला. बिनतारी यंत्रणेद्वारे हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुकूल मते मिळवण्यात आली, तरीही एप्रिलपर्यंत पुष्कळांनी ते मांस स्वीकारले नाही. भाजीपाल्याचा अभाव होताच. त्यात मांसही नसल्याने हिंदी पलटणींत स्कर्व्ही फैलावला. शरणागती लवकर पत्करावी लागली, याचे एक कारण म्हणून हा नकार सेनापतिपक्षाच्या लेखनात पुनःपुन्हा पुढे केला जातो.

येथे दुसरा एक हिशेब शेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे. वेढ्याच्या आरंभी टाउनशेंड यांनी शिल्लक शिध्याचा जो अंदाज कळवला, तो फार कमी होता. जानेवारीच्या अखेरीस गावातील घरांची झडती घेतल्यावर आणि जनावरे हिशेबात धरल्यावर तो एकदम वाढला. दरम्यान पहिल्या अंदाजावर विसंबून सुटकेसाठी निघालेल्या फौजेने पुरेशी जमवाजमव होण्यापूर्वीच शेख साद, वादी आणि हन्ना येथे हल्ले चढवले. सुटकेच्या सर्व प्रयत्नांत मिळून सुमारे २३,००० सैनिक मृत वा जखमी झाले, म्हणजे आत अडकलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक. टाउनशेंड यांचा ‘माय कँपेन इन मेसोपोटेमिया’ हा ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा स्वतःचा बंदिवास इस्तंबूलजवळच्या बेटावर, प्रशस्त घरात गेला होता. शिपायाचा सोवळेपणा आणि सेनापतीची चुकलेली मोजदाद यांपैकी कोणती बाब ‘कारण’ ठरावी, हे पुराव्यापेक्षा लेखनाधिकारावर अवलंबून राहिले आहे, असे म्हणण्यास येथे जागा आहे. शिवाय या दोन्ही बाजूंच्या कथनात कूटचे सुमारे ६,००० अरब रहिवासी जवळजवळ नाहीतच. त्यांची घरे झडतीत खणली गेली, वेढ्याचा उपास त्यांनीही सोसला आणि शरणागतीनंतर त्यांच्यातील काहींना इंग्रजांचे साहाय्यक ठरवून तुर्कांनी फाशी दिले.

परिणामांकडे वळताना भाषा बदलते. ब्रिटिश संसदीय इतिहासाच्या दृष्टीने कूटचा परिणाम राजकीय आहे. अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलै १९१७ मध्ये राजीनामा दिला. हिंदुस्थान सरकारच्या यंत्रणेवर त्याच महिन्यात कॉमन्स सभेत कठोर टीका करणारे एडविन माँटेग्यू त्यांच्या जागी आले आणि २० ऑगस्ट रोजी जबाबदार राज्यपद्धतीची सुप्रसिद्ध घोषणा झाली. हा क्रम आकर्षक असला तरी त्याला कार्यकारणाची साखळी मानण्यात घाई होईल. घोषणेच्या मसुद्याची चर्चा चेंबरलेन यांच्या कारकिर्दीतच सुरू झालेली होती. कूटने दार उघडले नाही. उघडू लागलेल्या दारातून आत जाणारा माणूस मात्र बदलला.

बंदिवानांच्या वाट्याला आलेला परिणाम वेगळ्या कागदांवर आहे. समाऱ्यापासून पुढे वाळवंटातून पायी चालवत नेलेल्या या कैद्यांपैकी सुमारे २,६०० गोऱ्या सैनिकांतील १,७०० हून अधिक मरण पावले. हिंदी शिपायांच्या बाबतीत ‘मृत’ आणि ‘ठावठिकाणा नाही’ असे दोन रकाने करावे लागले. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहू शकला, तो अशाच अनिश्चिततेच्या जागेत. सामान्य शिपायाला तोतयादेखील मिळत नाही. त्याच्या घरी फक्त वाट पाहणे उरते.

या जागेत दोन बंगाली पुस्तके उभी आहेत, आणि इंग्रजी साधनांवर विसंबणाऱ्या युद्धेतिहासाने त्यांची दखल फार उशिरा घेतली. अमिताव घोष यांचे लेखन आणि शांतनु दास यांचा २०१८ मधील ग्रंथ यांमुळे ती बंगालीबाहेर पोचली. पहिले पुस्तक ‘कल्याण-प्रदीप’ (१९२८). इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी कूटच्या वेढ्यात होते आणि १९१७ मध्ये रास-अल-ऐन येथे बंदिवासात वारले. त्यांचे चरित्र त्यांच्या वृद्ध आजी मोक्षदादेवी यांनी लिहिले व त्यात नातवाची पत्रे समाविष्ट केली. ऑक्टोबर १९१५ मधील एका पत्रात, म्हणजे बगदादच्या मोहिमेला लंडनमध्ये संमती मिळत होती त्याच सुमारास, हा सरकारी डॉक्टर देशभक्ती या कल्पनेलाच रक्तपाताचे मूळ ठरवतो आणि दुसऱ्याची भूमी हिसकावण्याचा हा धडा इंग्लंडने जगाला दिला असे म्हणतो. आयोगाच्या अहवालात ‘कारण’ म्हणून ज्याला स्थान नाही, ते कारण येथे घरगुती पत्रात, शोकग्रस्त आजीच्या हातून छापले जाते. शोकचरित्राने राजकीय निबंधाचे काम केले आहे. त्या काळी तो मजकूर दुसऱ्या कोणत्या रूपात निभावला असता, हे सांगणे कठीण आहे.

दुसरे पुस्तक शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांचे ‘अभि ले बगदाद’ (१९५७). बेंगॉल अँब्युलन्स कोअरमधून गेलेला हा तरुण टेसिफोन, वेढा आणि बंदिवास या तिन्हींतून गेला. त्याने आपल्या रोजनिशीची पाने फाडून बुटांत लपवली आणि पुढे ती पुन्हा उतरवून काढली. रास-अल-ऐन आणि अलेप्पो येथील इस्पितळांत काम करताना आर्मेनियन लोकांच्या हत्याकांडाच्या खुणा त्याने पाहिल्या, तुर्क शिपायांशी गप्पा मारल्या, आणि दोन्ही गोष्टी एकाच समतोल स्वरात नोंदवल्या. शत्रुपक्षातील सामान्य शिपायाबद्दल त्याला द्वेष वाटत नाही. दोघेही दुसऱ्याच कोणासाठी येथे आलो आहोत, हे भान या लेखनात आहे. बंगाली पुस्तकाचे नाव छावणीतल्या हिंदुस्थानीत आहे, ही बाबही किरकोळ नाही. या सैन्याची खरी बोली तीच होती आणि अहवालांतून ती पूर्णपणे गाळली गेली.

तुलनेचे क्षेत्र येथेही संपत नाही. तुर्की स्मृतीत कूट हा विजय आहे. तेथील सेनापती हलील पाशा यांनी १९३४ च्या आडनाव कायद्यानंतर ‘कूट’ हेच आडनाव घेतले आणि २०१६ मध्ये त्या विजयाची शताब्दी शासकीय पातळीवर साजरी झाली. ज्या घटनेवर लंडनमध्ये चौकशी बसली, तिच्यावर इस्तंबूलमध्ये महाकाव्याचा स्वर चढतो. आणि कूट हे गाव ज्या देशात आहे, त्या इराकचा जन्म या दोन्ही कथनांनंतरचा आहे.

मराठा पलटणींच्या शिपायांची नोंद ज्या एका ठिकाणी निश्चित सापडते, ते म्हणजे १९२९ मध्ये अनावरण झालेले बसरा स्मारक. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या, पण ज्ञात थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते उभारले गेले. ब्रिटिश सैनिक आणि हिंदी अधिकारी यांची नावे त्याच्या भिंतीवर कोरण्यात आली. हिंदी शिपायांची केवळ संख्या, पलटणीच्या नावाखाली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या विशेष समितीने २०२१ च्या अहवालात स्मरणातील या विषमतेची कबुली दिली. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने हे स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर बसऱ्यापासून सुमारे ३२ किलोमीटरवर नेण्यात आले, तेव्हा त्या संख्याही दगडांबरोबर तेथे गेल्या. शिपायांची नावे होती ती छापील नोंदवहीत, पलटणवार.