डोंगराविना किल्ला

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या चिंचवडच्या इमारतीच्या आवारात मातीचे ढिगारे पडू लागतात. गेल्या दिवाळीत आमच्या नऊ वर्षांच्या नातीनेही कंबर कसली. पण रायगड, प्रतापगड, सिंहगड ही मानाची ठाणी इतर मुलांनी केव्हाच काबीज केलेली!

"आजोबा, आपल्या इथला किल्ला नाही का एखादा?"

"इथे कुठला किल्ला? इथे कारखाने!" स्वयंपाकघरातून परस्पर निकाल लागला. चकलीचा सोऱ्या हाती असलेल्या बाईशी वाद घालू नये, हे मी अनुभवाने शिकलो आहे. शिवाय तिचे तरी काय चुकले? पाहुणे आले की आम्ही त्यांना शनिवारवाडा दाखवायला पुण्याला नेतो, आणि चाकणला जातो ते नाशिकच्या वाटेवर मालमोटारींच्या रांगेत अडकायला. तेव्हा रविवारी भल्या पहाटे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि आम्ही तिघे निघालो.

आधी गावातच, पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधीला. घाटाच्या पायऱ्यांवर जरा टेकून चापेकरांच्या वाड्यात गेलो. आता तिथे संग्रहालय आहे. वडील हरिभाऊ कीर्तनकार. मुले त्यांच्या साथीला उभी राहत. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा थाट चालू असताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. दामोदर १८ एप्रिल १८९८ ला फाशी गेले. वासुदेव ८ मे आणि बाळकृष्ण १२ मे १८९९ ला. सौभाग्यवतींनी बोटांवर महिने मोजले. "तेरा महिनेसुद्धा नाहीत हो," एवढेच त्या म्हणाल्या आणि मोटारीत बसेपर्यंत गप्प होत्या.

देहू वाटेवरून जरा बाजूला पडते आणि ते आमचे नेहमीचे, म्हणून थेट चाकण गाठले. नातीची मान डोंगर शोधून दुखायला लागली. संग्रामदुर्ग भुईकोट! घरांच्या दाटीत, सपाटीवर. तटाचे काही भाग, पडके बुरूज, खंदकाच्या खुणा. तिचा चेहरा पडला.

मग एका चिऱ्यावर बसून दशमीबरोबर गोष्ट सांगितली. १६६० चा जून महिना. औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान प्रचंड फौज घेऊन या कोटाभोवती बसला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि तीन-साडेतीनशे माणसे. मदत यायची कुठून? महाराज स्वतः पन्हाळ्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यात. जुलैत ते तिथून निसटले, पण चाकण दूरच राहिले. पावसाची झोड, बाहेर तोफा. तरी कोट पडेना. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार खणले, ईशान्येच्या बुरुजाखाली दारू ठासली आणि १४ ऑगस्टला बत्ती दिली. बुरूज माणसांसकट उडाला. आरोळ्या ठोकत मोगल आत घुसले, तर पुढे आणखी एक बांध! मराठ्यांनी आतून मातीचा भराव घालून ठेवला होता. ती रात्र मोगलांना बाहेरच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी, छप्पन्न दिवस झुंजून, फिरंगोजींनी कोट खाली केला. खानाचे २६८ लोक पडले, ६०० जखमी झाले. खानाने फिरंगोजींना चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि ते महाराजांकडे परत गेले.

"म्हणजे हरलेच ना?"

हो, हरले. मी आडपडदा ठेवला नाही. एवढ्याशा भुईकोटासाठी जिथे दोन महिने जातात, तिथे डोंगरावरच्या एकेका गडाला किती जातील, हा हिशोब खानालाही समजला असेल. तो पुण्याला परतला, लाल महालात राहिला, आणि एप्रिल १६६३ मध्ये तिथे बोटे गमावून बसला. ती गोष्ट तिला पाठच होती. तिची ही आधीची बाजू मात्र शाळेत कुणी सांगितली नव्हती.

भिंतीच्या एका चिऱ्यात पिंपळ रुजला होता. नातीने मातीची ओंजळ भरून डब्यात घेतली. ती घरच्या किल्ल्यात मिसळायची होती.

संध्याकाळी आवारात चौकोनी कोट उभा राहिला, भोवती खंदक, खंदकात पाणी. "अगं, डोंगर राहिला की!" येणारा-जाणारा प्रत्येकजण सांगून जाई. रात्री कोट सुकल्यावर तिने ईशान्येचा बुरूज स्वतःच्या मुठीने फोडला आणि आतून मातीचा बांध घातला. मावळे सारे बांधामागे. उरले सिंहासनावरचे महाराज. दरवर्षी ज्याच्या-त्याच्या किल्ल्यात ते माथ्यावर बसतात. तिने ते उचलले आणि पार पलीकडे, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर नेऊन ठेवले.

"ते अजून पन्हाळ्यावर आहेत," ती म्हणाली. पाडव्यापर्यंत आम्ही सगळे ती पायरी चुकवून चढत होतो.