पाऊण तासातले प्रोग्रेसिव्ह मेटल

‘मेटल इव्होल्यूशन’ ही अकरा भागांची माहितीपट मालिका अमेरिकेत व्हीएच-वन क्लासिक वाहिनीवर नोव्हेंबर २०११मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१२मध्ये प्रोग्रेसिव्ह मेटलवरील भागाने संपली. मालिकेचे चाहत्यांनी एकूण स्वागतच केले. शेवटच्या भागाबद्दल मात्र त्यांच्यात एकमत झाले नाही. कोणत्या बँडला किती वेळ मिळाला, एवढ्यापुरता हा वाद नव्हता. ‘प्रोग्रेसिव्ह’ कोणाला म्हणावे, हा मेटलच्या श्रोत्यांमधला जुना प्रश्न या भागाने पुन्हा वर आणला.

मालिकेचे कर्ते सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन हे टोरांटोत काम करणारे. डन यांचे शिक्षण मानववंशशास्त्राचे. २००५च्या ‘मेटल : अ हेडबँगर्स जर्नी’ या माहितीपटात त्यांनी मेटलच्या उपप्रकारांची वंशावळ तक्त्याच्या रूपात मांडली. पुढे ‘ग्लोबल मेटल’, आयर्न मेडनवरील ‘फ्लाइट ६६६’ (२००९) आणि रश या कॅनेडियन त्रिकुटावरील ‘बियाँड द लायटेड स्टेज’ (२०१०) हे माहितीपट आले. रशवरील चित्रपटाला ट्रायबेका महोत्सवात प्रेक्षक पुरस्कार मिळाला. ‘मेटल इव्होल्यूशन’मध्ये वंशावळीतल्या एकेका फांदीला एकेक भाग दिलेला होता : ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट, ग्लॅम, थ्रॅश, न्यू मेटल, पॉवर मेटल आणि अखेरीस प्रोग्रेसिव्ह.

प्रोग्रेसिव्ह मेटलचा एक प्रवाह या मांडणीत सहज बसतो. त्याचे मूळ प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये आहे. त्यातल्या किंग क्रिमसन या बँडचा पहिला अल्बम १९६९चा. रशने १९७६मध्ये ‘२११२’ काढला, तेव्हा ध्वनिमुद्रण कंपनीला छोटी, रेडिओवर चालणारी गाणी हवी होती. तरीही बँडने तबकडीची एक संपूर्ण बाजू एकाच रचनेला दिली. ऐंशीच्या दशकात ही दीर्घ रचनेची आवड हेवी मेटलमध्ये मुरली. कनेटिकटच्या फेट्स वॉर्निंगचा ‘अवेकन द गार्डियन’ १९८६मध्ये आला, तर सिॲटल परिसरातील क्वीन्सराइकचा ‘ऑपरेशन : माइंडक्राइम’ १९८८मध्ये. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात १९८५मध्ये जमलेल्या तीन विद्यार्थ्यांचा बँड पुढे ड्रीम थिएटर झाला. त्याच्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ (१९९२) या अल्बममधले आठ मिनिटांहून लांब ‘पुल मी अंडर’ हे गाणे एमटीव्हीवर वाजले आणि या शैलीला मोठा श्रोतृवर्ग मिळाला.

दुसरा प्रवाह डेथ मेटलमधून आला. फ्लोरिडातील डेथचा ‘ह्यूमन’ (१९९१) आणि सिनिकचा ‘फोकस’ (१९९३) यांनी कर्कश संगीतात जॅझची गुंतागुंत आणली. स्वीडनच्या ओपेथने ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्ये (२००१) घोगरी गर्जना आणि संथ, सुरेल गायन एकाच गाण्यात नांदवले. स्वीडनच्याच मेशुगाने ‘डिस्ट्रॉय इरेज इम्प्रूव्ह’पासून (१९९५) चार मात्रांच्या स्थिर झांजेखाली गिटारची विषम आवर्तने फिरवली. मालिकेत मात्र डेथ मेटल ज्यात मोडते त्या एक्स्ट्रीम मेटलवर स्वतंत्र भागच नव्हता. वाहिनीकडून त्यासाठी पैसा मिळाला नव्हता. त्यामुळे प्रोग्रेसिव्हच्या भागात या घराण्याचे वारस दिसले, तरी त्यांचे पूर्वज कोण हे आधीच्या दहा भागांत सविस्तर आलेलेच नव्हते. चाहत्यांना जाणवलेल्या त्रुटींचे एक मूळ इथे आहे.

त्यांच्या प्रतिक्रिया ढोबळमानाने तीन प्रकारच्या होत्या. पहिल्या गटासाठी प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे रश ते ड्रीम थिएटर ही परंपरा : विषम ताल, कीबोर्ड, कथानक असलेले अल्बम, वाद्यांवरील हुकमत. या गटाच्या मते फेट्स वॉर्निंगचा मान क्वीन्सराइकच्या बरोबरीचा आहे. अशा बँडना अधिक वेळ हवा होता आणि मॅस्टोडॉन किंवा द डिलिंजर एस्केप प्लॅन यांना दुसऱ्या खात्यात घालायला हवे होते. दुसऱ्या गटाला हे उलट वाटे. साचा मोडतो तो प्रोग्रेसिव्ह. तीस वर्षे जुना साचा सफाईने वाजवणारा नव्हे. त्यांच्या दृष्टीने क्वेबेकचा व्हॉइव्हॉड, टूल आणि मेशुगा हेच खरे वारसदार. तिसरा गट नव्या श्रोत्यांचा. पाऊण तासात सत्तरच्या दशकापासून वर्तमानापर्यंतचा नकाशा मिळाला आणि ऐकण्याची यादी तयार झाली, यावर तो समाधानी होता.

मतभेद तीव्र होण्याला तो काळही कारणीभूत होता. ड्रमर माइक पोर्टनॉय यांनी सप्टेंबर २०१०मध्ये ड्रीम थिएटर सोडला. त्यांच्या जागी नवा ड्रमर निवडण्याची चाचणी बँडने २०११मध्ये माहितीपटाच्या रूपात दाखवली आणि चाहत्यांत दोन तट पडले. सप्टेंबर २०११मध्ये ओपेथने ‘हेरिटेज’ काढला. त्यात गर्जना पूर्णपणे वगळून सत्तरच्या दशकातील रॉककडे वळण घेतले होते. याला प्रगती म्हणायचे की माघार, यावर श्रोते भांडत होते. दुसरीकडे पेरिफरी आणि ॲनिमल्स ॲज लीडर्स हे तरुण बँड मेशुगाच्या तालविचारातून ‘जेंट’ ही नवी शाखा उभी करत होते. मालिका संपत असताना विषय पुढे सरकत होता.

भारतीय श्रोत्यांना डन यांचे काम नवे नव्हते. ‘ग्लोबल मेटल’मध्ये मुंबईतील मेटलविश्व आले होते आणि ‘फ्लाइट ६६६’ची सुरुवात आयर्न मेडनच्या १ फेब्रुवारी २००८च्या मुंबईतील मैफलीपासून होते. ओपेथच्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’ला निर्माता म्हणून लाभलेले स्टीव्हन विल्सन २००९मध्ये आपल्या पॉर्क्युपाइन ट्री या बँडसह आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेले. दिल्लीच्या केशव धर यांच्या स्कायहार्बर या बँडचा पहिला अल्बम २०१२चा, म्हणजे मालिका संपली त्याच वर्षीचा.

राहून गेलेला एक्स्ट्रीम मेटलचा भाग डन यांनी चाहत्यांकडून लोकवर्गणी गोळा करून पूर्ण केला. तो २०१४मध्ये प्रदर्शित झाला. पुढे ‘लॉक हॉर्न्स’ या इंटरनेटवरील कार्यक्रमात त्यांनी वंशावळीचा तक्ता पुन्हा चर्चेला घेतला. पाहुणे आणि प्रेक्षक यांच्याशी बोलून एकेका उपप्रकारातले बँड तिथे ठरवले जात. ज्या निवडीवर २०१२मध्ये आक्षेप घेण्यापलीकडे चाहत्यांना काही करता येत नव्हते, तिच्यात आता त्यांना भाग मिळाला. दोन्ही प्रवाहांच्या चाहत्यांना मान्य होईल अशी ‘प्रोग्रेसिव्ह’ची व्याख्या मात्र त्यातूनही निघाली नाही.