संगणकाचा आवाज : दोष नेमका कोठे?

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी संगणकाचा आवाज ही केवळ करमणुकीची सोय नव्हे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या ‘एनव्हीडीए’सारख्या विनामूल्य प्रणालीच्या आधारे तो स्वतः अभ्यास करू शकतो. आवाज बंद पडला, की त्याचे वाचनच थांबते. अशा वेळी साउंड कार्ड निकामी झाले असे गृहीत न धरता क्रमाने तपासणी करणे हिताचे ठरते.

प्रथम बाहेरील जोडणी पाहावी. टेबलावरील संगणकात स्पीकरची पिन सामान्यतः हिरव्या खाचेत बसते. गुलाबी खाच मायक्रोफोनची असते. हिरव्या खाचेत चांगला हेडफोन लावून पाहिल्यास दोष स्पीकरचा की संगणकाचा, याचा उलगडा होतो.

त्यानंतर विंडोज प्रणालीच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये आवाज कोणत्या साधनाकडे जात आहे, ते तपासावे. एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडल्यास आवाज पुष्कळदा तिकडे वळतो आणि स्पीकर मुके राहतात. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. साउंड कार्डाच्या नावापाशी पिवळे उद्गारचिन्ह असल्यास बहुधा ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागतो. खाली वळलेला बाण असल्यास ते केवळ बंद ठेवलेले असते.

आज बहुतेक संगणकांत ध्वनीची चिप मदरबोर्डवरच असते. ती खरोखरच निकामी झाली, तरी यूएसबी खाचेत बसणारे छोटे साउंड कार्ड लावून काम भागते.

आवाज गेल्यावर दृष्टिहीन विद्यार्थ्याला ही तपासणी एकट्याने करणे अवघड असते. यास्तव शाळेतील शिक्षकांनी व सहाध्यायांनी ती अवगत करून घेणे अगत्याचे आहे.