नारायणगावच्या राहुट्या

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. दारात फडाचा रंगीत फलक, आत टेबल आणि तारखांची वही. जुन्नर, आंबेगाव, खेड, संगमनेरकडचे यात्रा कमिटीवाले जीप करून येतात, दोन-चार राहुट्या फिरतात. कलाकार किती, वग कोणता, मागच्या साली कुठं खेळ झाला, अशी चौकशी होते आणि मग घासाघीस. चैत्र पौर्णिमेला गावोगाव यात्रा, म्हणून त्या रात्रीची सुपारी चढी. मोकळ्या तारखेला तोच फड पुष्कळ कमी पैशांत मिळतो. ठरलं की इसार हातावर पडतो आणि वहीत गावाचं नाव चढतं. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते या बाजारामुळेही.

फडमालक बहुधा स्वतःच कलावंत. दसऱ्याला बाहेर पडण्याआधी तो कर्ज काढतो, ढोलकीवाल्यापासून बिगाऱ्यापर्यंत सगळ्यांना उचल देतो, ट्रक आणि तंबू उभे करतो. हिवाळाभर तिकिटावरचे खेळ आणि चैत्र-वैशाखातल्या सुपाऱ्या यांतून ते फेडायचं. १९७७ साली मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडनं उसन्या पैशांवर स्वतःच आपली रेकॉर्ड काढली, त्याचं जगभर कौतुक झालं. ते रास्तच. पण बड्या कंपनीचं दार न ठोठावता, स्वतःच्या जोखमीवर आपलं गाणं लोकांपुढं नेण्याची ही हिंमत आमच्या फडांनी त्याच्या कितीतरी आधीपासून दाखवली आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) याच मातीतल्या. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या, ही कथा सगळे सांगतात. मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांनी बाई म्हणून स्वतःच्या नावावर फड चालवणं. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावंताची अखेर हलाखीत झाली. आज राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. जिवंतपणी त्यांना आधार का मिळाला नाही, हा सल जात नाही.

या भागातल्या यात्रेच्या पत्रिकेत मांडव-डहाळे, शेरणी, छबिना, रात्री लोकनाट्य आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हजेऱ्या’ असा क्रम छापलेला असतो. गण, गवळण, बतावणी, वग करून रात्रभर उभे राहिलेले कलावंत सकाळी पुन्हा देवळापुढं येतात. घसा बसलेला असतो, ढोलकी उन्हात तापून चढलेली असते. कुणी नोट पुढं करतो, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं आणि फर्माईश सुटते. गाणाऱ्या बाईचा खरा कस मला इथंच दिसतो; रात्रीचे दिवे, पडदे, धूर यांतलं काहीच तेव्हा मदतीला नसतं.

२५ मार्च २०२०ला देशभर टाळेबंदी लागली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. त्या हंगामातल्या यात्रा रद्द झाल्या, पुढच्या वर्षीही तेच. वहीतली गावं खोडली गेली, काही ठिकाणी इसार परत करावा लागला, कर्जाचं व्याज मात्र चालूच राहिलं. कलावंत मजुरीला लागले. यात्रा पुन्हा भरू लागल्यावर राहुट्याही लागल्या, पण मालकांना आधी जुनं देणं फेडायचं होतं आणि त्याच वेळी नवी उचलही द्यायची होती.