मागची नळी बघा की

कासच्या पठारावर पावसाळ्यात मोबाइलवर काम करायचं, तर पहिली गाठ थेंबांशी. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही आणि पडलेल्या थेंबालाच बोट समजून भलतंच काहीतरी उघडते. पुण्यात टेबलाशी बसून लिहिलेल्या, फोटोवरून फूल ओळखणाऱ्या आमच्या अ‍ॅपमध्ये फुलाभोवतीची रेघ बोटानं ओढून नीट करायची सोय होती. पहिल्याच सकाळी ती रेघ ओढता ओढता सोनकी सोडून शेजारच्या जांभ्या दगडावर गेली आणि अ‍ॅपनं त्या दगडाच्या रंगावरून तीन फुलं सुचवली.

कल्पना मुळात आमची नव्हे. अमेरिकेत ट्रॉय इथल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये जॉर्ज नागी आणि जिए झोऊ यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘कॅव्हियार’ नावाची पद्धत बांधली. पुढे ती हातात मावणाऱ्या संगणकावरही आली. यंत्र फुलाभोवती पाकळ्यांच्या घडणीची रेघ काढतं आणि तिच्या आतला आकार नि रंग पाहून जवळच्या जाती पुढे करतं. रेघ चुकली असेल तर माणूस ती सरकवतो, की यादी नव्यानं लागते. त्यांच्या चाचण्यांत एकट्या यंत्राला निम्मी फुलंही ओळखता आली नव्हती. चित्रं चाळत बसणारा माणूस बहुतेक वेळा बरोबर ठरे, पण वेळ घेई. दोघांच्या जोडीनं जवळजवळ तितक्याच अचूकतेनं, निम्म्याहून कमी वेळात काम उरकलं.

आज एवढी मोठी मॉडेलं असताना हा खटाटोप कशाला, असं आम्हालाही बऱ्याच जणांनी विचारलं. पठारावर रेंज गेली की मोठं मॉडेल सर्व्हरवरच राहतं, हे एक. दुसरं म्हणजे टोपली कारवी. ती बहरते सात-आठ वर्षांतून एकदा. मॉडेल शिकवायला हजारो फोटो हवेत, आणि आमच्याकडे तिचे मोजून अकरा, त्यातले चार हललेले. इतक्या तुटपुंज्या नमुन्यांवर माणसाची मदत घेणारी पद्धतच तगते.

रंगाचा घोळ वेगळाच. ढग सरकला की तीच सोनकी पिवळीची लिंबोणी होते. म्हणून उजेडाची तीव्रता बाजूला ठेवून आम्ही फक्त रंगछटा मोजू लागलो. पांढऱ्या फुलांना छटाच नसते, तिथे हा उपाय लंगडा पडला. पांढऱ्या चवरीच्या तुऱ्यापुढे आमचं गणित अजूनही चाचपडतं.

खरा धडा मात्र वाटेवर मिळाला. फुलांची माहिती सांगणाऱ्या, पठाराखालच्याच गावातल्या एक मावशी आमच्यासोबत होत्या. तेरड्याचा फोटो काढून मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. स्क्रीनवर प्रश्न होता, ‘पाकळ्या किती?’ मावशी हसल्या. “अवो, पाकळ्या मोजून कुनी तेरडा वळखतं व्हय? मागची नळी बघा की.”

तेरड्याच्या फुलामागं मधाची बारीक नळी असते. आमची रेघ सगळ्या पाकळ्या गोल फिरवून सारख्या धरून चालत होती. तेरडा तसा नाहीच. त्या रात्री साताऱ्यातल्या खोलीवर आम्ही प्रश्नांची यादी मोडून पुन्हा लिहिली. नळी आहे का? आत ठिपके आहेत का? (कवल्याच्या पिवळ्या फुलावर तांबडे ठिपके असतात.) फूल बोटाच्या नखाएवढं की मोठं? सीतेची आसवं या शेवटच्या प्रश्नात चटकन सापडतात. माणसाला नाव विचारायचं नाही, डोळ्यांना दिसतं तेवढंच विचारायचं, एवढा नियम ठेवला.

आणखी एक खोड आमची आम्हीच लावून घेतली होती. सुचवलेल्या तीन नावांपुढे आम्ही टक्के दाखवत होतो. ‘८२ टक्के’ दिसलं की लोक फुलाकडे न बघताच बोट ठेवून मोकळे. असलं चुकीचं उत्तर अ‍ॅप ज्यांवरून शिकतं त्या नमुन्यांत लगेच गेलं की पुढचा तसाच फोटोही चुकतो, आणि चूक खात्रीनं सांगितली जाते. टक्के काढून टाकले. उत्तर नमुन्यांत जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी, पहिलं उत्तर न बघता, तेच नाव निवडायला हवं अशी अट घातली. त्यानं कामाचा वेग मंदावला. माझ्या मते ही किंमत देण्याजोगी आहे. टीममधल्या दोघांना ती अजून पटलेली नाही.

ओल्या बोटांवरचा उपाय अगदी साधा निघाला: रेघ आता आवाज कमी-जास्त करायच्या बटणांनी लहान-मोठी होते.

राहिला गेंद. पांढरा गोंडा, लांबून पाकळी अशी दिसतच नाही, रेघ कशाभोवती काढायची? त्याच्यासाठी पहिल्याच पानावर वेगळं बटण आहे, ‘पाकळ्या दिसत नाहीत’. सप्टेंबरात सगळ्यात जास्त तेच दाबलं जातं.