मंत्री, सचिव, परिचारक

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले श्रीपूर हे साखरेचे गाव. इथल्या एका उसाच्या कांडीवर किती सरकारी दारांचा अंमल चालतो, हे पाहण्यासारखे आहे. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरते दिल्लीत, केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीत. त्यामागचा ऊस नियंत्रण आदेश 1966 चा. साखरेचे बाकीचे पाहते केंद्राचे अन्न मंत्रालय, आणि इथेनॉल निघाले की गाठ पडते पेट्रोलियम मंत्रालयाशी. हंगाम कधी सुरू करायचा ते मुंबईत मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते, तर गाळपाचा परवाना पुण्याच्या साखर आयुक्तांकडून येतो. 6 जुलै 2021 पासून दिल्लीत सहकाराचेही स्वतंत्र मंत्रालय आहे. इंग्रजी कागदात यांतल्या कित्येकांवर 'मिनिस्ट्री' हा एकच शिक्का बसतो. मराठीत मात्र मंत्रालय, मंत्रिमंडळ, खाते, विभाग आणि सेवा असे त्याचे पाच तुकडे होतात. हे पाचही शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले आणि त्यांतल्या बहुतेक वाटा श्रीपूरच्या आसपासून जातात.

आधी इंग्रजी शब्दाचे मूळ पाहू. लॅटिनमध्ये 'मिनिस्टर' म्हणजे सेवक. 'मिनुस' म्हणजे कमी, त्यावरून तो बनला. त्याच्या उलट 'मागिस' म्हणजे अधिक, त्यावरून 'मागिस्टर', म्हणजे धनी, गुरू. मॅजिस्ट्रेट आणि मास्तर त्याच कुळातले. म्हणून इंग्रजीत राजाचा कारभारी आणि चर्चचा धर्मसेवक दोघेही मिनिस्टर, आणि दोघांचे काम मिनिस्ट्री. आपला 'मंत्री' दुसऱ्याच मुळाचा. मंत्र म्हणजे मसलत, बंद दाराआडचा विचार, आणि तो सांगणारा मंत्री. कौटिल्याने मसलत गुप्त ठेवण्यावर केवढा भर दिला आहे! हा शब्द समुद्र ओलांडून मलय भाषेत 'मंतेरी' झाला, पोर्तुगीजांनी तो उचलला आणि चीनच्या अंमलदारांना 'मँडरिन' म्हणू लागले. इंडोनेशियात आणि मलेशियात आजही मंत्र्याला 'मंतेरी'च म्हणतात.

शिवकाळात मंत्री हा सगळ्या कारभाऱ्यांचा वाचक शब्द नव्हता. 6 जून 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी जे आठ प्रधान होते, त्यांतल्या एकाचेच पद 'मंत्री', आणि ते वाकनीस दत्ताजी त्रिंबकांकडे होते. महाराजांच्या दिनचर्येची नोंद आणि निमंत्रणांची व्यवस्था हे त्यांचे काम. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, डबीराला सुमंत अशी संस्कृत नावे याच काळात रूढ केली गेली. पुढे रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली धुंडिराज व्यासांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा, दहा वर्ग आणि चौदाशेच्या आतबाहेर शब्द असलेला. नवे राज्य उभे राहत असताना, मोहिमा चालू असताना, एका राजाने शब्दांसाठी माणसे बसवली, याचे मोल आपण अजून पुरते ओळखलेले नाही.

पण शब्द बदलला तरी पदाचे काय होते, ते पुढच्या शंभर वर्षांत दिसले. पद वंशपरंपरागत झाले, त्याला सरंजाम जोडला गेला आणि कामाचे नाव घराण्याचे नाव झाले. बावड्याचे पंत अमात्य, औंधचे पंत प्रतिनिधी, भोरचे पंत सचिव. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायणांकडे सचिवपद आले, आणि 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत भोरचा अधिपती स्वतःला पंत सचिव म्हणवत राहिला. लेखणीचे काम सांगणारा शब्द गादीचा किताब होऊन बसला.

श्रीपूरचा धागा इथे जुळतो. 1934 साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढणारे चंद्रशेखर आगाशे हे वकील, आणि याच भोर संस्थानच्या कारभारातून आलेले. या कंपनीचा कारखाना श्रीपुरात उभा राहिला. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याने येणारे पाणीही भोरजवळच्या भाटघर धरणाचे. सचिवांच्या मुलखातून माणूसही आला आणि पाणीही.

'सचिव' या शब्दाला नवा अर्थ आला तो इंग्रजी सेक्रेटरीमुळे. मुंबईतली राज्याची मुख्य कचेरी सचिवालय होती. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 1975 मध्ये, तिचे मंत्रालय झाले. राज्य निवडून आलेले चालवतात, नेमलेले नव्हेत, हे दारावरच्या पाटीने सांगावे, हा विचार मला आजही बरोबर वाटतो. मात्र त्यामुळे महाराष्ट्रात मंत्रालय ही मुंबईतली इमारत आहे आणि दिल्लीत मंत्रालय म्हणजे मिनिस्ट्री. राज्याच्या कागदात त्या जागी 'विभाग' लिहितात.

मिनिस्टरमधला सेवकाचा अर्थ मराठीत पूर्वीपासून होता, पण सरकारात नाही. सोलापुरात काम केलेल्या अमेरिकन मराठी मिशनसारख्या मंडळ्यांमुळे रुजलेल्या ख्रिस्ती मराठीत मिनिस्ट्रीला साधे 'सेवा' किंवा 'सेवाकार्य' म्हणतात. आणि त्याहून कितीतरी जुने रूप पंढरपुरात सापडते. विठ्ठलाच्या नित्योपचारांत बडव्यांशिवाय सात सेवाधारी घराणी होती: पुजारी, बेणारे, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे. दिवट्यांनी दिवटी धरायची, हरिदासांनी गायचे, परिचारकांनी पाणी आणायचे. लॅटिन मिनिस्टरला नेमका मराठी शब्द हवा असेल तर तो 'परिचारक' आहे. श्रीपूरच्या सहकारी कारखान्यावर आज पांडुरंगाच्या जोडीने पंढरपूरचे आमदार राहिलेल्या सुधाकरपंत परिचारकांचे नाव आहे. मंदिरात मात्र सेवेचेही सचिवपदासारखेच झाले. ती वंशाचा हक्क बनली, आणि 1973 च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमापासून सुरू झालेला कज्जा जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते हक्क नाकारल्यावर मिटला.

उरला 'खाते'. कोशकारांनी तो घडवला नाही, कोणत्या दरबाराने दिला नाही. तो व्यापाऱ्याच्या वहीतून आला. गृहखाते, खातेवाटप, खात्याचा मंत्री, हे सगळे त्या वहीचे. मला हा शब्द सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण वहीला जमा असते तसे नावेही असते आणि तिचा हिशेब मागता येतो. श्रीपूरच्या ऊसकऱ्याच्या 8-अ उताऱ्यावर तोही खातेदारच असतो. नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचे असते, आणि उशीर झाला तर त्यावर पंधरा टक्के दराने व्याज. ते त्याच्या खात्यावर पडले की नाही, हे तो पासबुकात पाहतो, आणि पडले नसेल तर साखर खात्याकडे तक्रार घेऊन जातो.